स्तामातिसने बुजवलेली एकतीस झाकणं

स्तामातिसचा बाप होड्यांच्या फटी बुजवायचा. दोन फळ्यांच्या मधे काथ्या ठोकायचा, वरून उकळतं डांबर सोडायचा, आणि मग लाकडी हातोडीनं टकटक करून कान द्यायचा. आवाज भरीव आला की फट मिटली. पालिओस्कालाच्या बंदरात लाकडी होड्या होत्या तोवर त्याला मान होता. फायबरच्या होड्या आल्या, आणि म्हातारा धक्क्यावर नुसता बसून राहायला लागला. तो गेला तेव्हा स्तामातिस सव्वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी गावात ड्रेनेजची लाइन टाकायचं काम निघालं आणि नगरपालिकेनं त्याला कामावर घेतलं.

गाव खाली बंदराशी पसरलेलं आणि वर टेकडीवर चढलेलं. खालच्या हॉटेलांचं, खानावळींचं सगळं मैलापाणी बंदराजवळच्या पंपघरात जमायचं. तिथून चार किलोमीटरच्या बंद नळातून ते टेकडीला वळसा घालत वर चढायचं आणि वरच्या आळीत, अंजिराच्या गल्लीच्या तोंडाशी, सिमेंटच्या मोठ्या पाइपात पडायचं. पुढे उताराउतारानं गावाबाहेर. तो सिमेंटचा पाइप स्तामातिसनं स्वतःच्या हातांनी बसवला होता. "नातवंडांनासुद्धा पुरेल," असं तो तेव्हा बायकोला, आर्गिरोला, म्हणाला होता. त्यांचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नातवंडांचं ऐकून ती लाजली होती.

जिथं पाणी पडायचं त्या चेंबरच्या समोरच पोलिक्सेनीचं घर होतं. पोलिक्सेनी शिवणकाम करायची. बाप्तिस्म्याच्या वेळी स्तामातिसला पाण्यातून तिनंच उचललं होतं, म्हणून ती त्याची नोना, धर्माची आई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अंगणात नवऱ्यानं लावलेला द्राक्षाचा मांडव होता. मे महिन्यात त्याची कोवळी पानं खुडून त्यांत भात भरायचा आणि पहिलं पातेलं स्तामातिसच्या घरी पाठवायचं, हा तिचा नेम कधी चुकला नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग गावात पर्यटक वाढले, हॉटेलं वाढली, आणि उन्हाळ्यात वरच्या आळीत सडक्या अंड्यांचा वास सुटायला लागला. बंद नळात पाणी अर्धा दिवस पडून राहायचं, आत शिळं व्हायचं, आणि वर येऊन धबधब्यासारखं पडलं की पोटातला सगळा वायू बाहेर टाकायचं. लोक खिडक्या लावून घ्यायचे. दुपारी अंगणात कुणी बसेना. पोलिक्सेनी तेवढी म्हणायची, "अरे, पोटात आहे ते बाहेर येणारच. माणसाचं तरी वेगळं काय असतं?"

चौऱ्याण्णव सालच्या पंधरा ऑगस्टला गोष्ट हाताबाहेर गेली. त्या दिवशी देवमातेची मिरवणूक वरच्या आळीतून जाते. त्या वर्षी बिशप स्वतः आले होते. अंजिराच्या गल्लीत वळताना त्यांनी नाकाला रुमाल लावला तो चर्च येईपर्यंत काढला नाही. देवमातेची तसबीर वाहणाऱ्या पोरांपैकी एकाला तिथंच उलटी झाली. आणि नऊ दिवसांच्या आत बिशप दुसऱ्या प्रार्थनेला परत यायचे होते.

नगराध्यक्षानं दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांना बोलावलं. एक स्तामातिस, आणि दुसरी व्होलोसहून आलेली इंजिनियर एव्हांथिया. ती तिशीतली होती, बोलायला मृदू, पण मागे न हटणारी. तिनं दोन पानं लिहून आणली होती. खाली पंपघराशी एक टाकी बसवायची आणि पाण्यात लोहाचा क्षार सोडत राहायचा, म्हणजे तो वायूला पाण्यातच धरून ठेवील. वर चेंबरला उंच नळकांडं लावून त्यात कोळशाची गाळणी बसवायची, म्हणजे हवा खेळती राहील पण वास येणार नाही. आणि पाइपाला आतून लेप द्यायचा.

"किती दिवस लागतील?" नगराध्यक्षानं विचारलं.

"टाकी यायला तीन महिने."

"तीन महिन्यांनी बिशपनी श्वास घ्यायचा का?"

तेव्हा स्तामातिस पुढे झाला. तो म्हणाला, "मला चार दिवस द्या."

चार दिवसांत त्यानं करून दाखवलं. जुन्या ट्यूबांच्या रबरी पट्ट्या कापून वरच्या आळीतल्या एकतीस झाकणांखाली बसवल्या, कडेनं काथ्या ठोकला, वरून डांबर ओतलं. पाइपाला हवा यावी म्हणून गल्लीच्या टोकाला दोन लोखंडी नळकांडी उभी होती. त्यांची तोंडं सिमेंटनं बंद केली. पाचव्या दिवशी गल्लीत अंजिरांचा वास येत होता.

डांबराचं शेवटचं पातेलं उतरवलं तेव्हा एव्हांथिया बाजूला उभी होती.

"मास्तोरा," कारागिराला मानानं हाक मारतात तशी ती म्हणाली, "वास गेला नाही. तुम्ही त्याला आत कोंडलंय."

"मग बसू दे की आत. घर त्याचंच आहे."

ती हसली नाही. "तो नुसता बसत नाही. पाइपाच्या छताला ओल आहे. त्या ओलीत जंतू राहतात. ते हा वायू खातात आणि तेजाब सोडतात. बॅटरीत असतं तसलं. आधी थोडाफार वायू बाहेर तरी जात होता. आता सगळा छतावर बसेल आणि सिमेंट खाईल."

"किती वर्षांत?"

"ते तुम्ही मला सांगायचं." तिनं पिशवीतून लिटमसच्या पट्ट्यांची डबी काढून त्याच्या हातात दिली. "दर वसंतात एक झाकण उघडा, पट्टी ओल्या भिंतीला लावा. गडद लाल झाली की मला फोन करा. कराल ना?"

"करीन," तो म्हणाला. आणि तो तेव्हा खरंच करणार होता.

बिशप आले, खोल श्वास घेऊन गेले. नगराध्यक्षानं चौकात सगळ्यांसमोर स्तामातिसच्या पाठीवर हात ठेवला. महिनाभरात तो मुकादम झाला. कॉफीघरात त्याचा त्सिपुरोचा, द्राक्षाच्या दारूचा, ग्लास रिकामा राहीना. कोणी मासे पाठवी, कोणी चीज. शेवटी धक्क्यावर नुसत्या बसून राहिलेल्या बापाचं सगळं देणं गावानं आपल्याला चुकतं केलं, असं त्याला वाटलं. टाकीचा विषय पुढल्या वर्षावर गेला, मग त्याच्याही पुढल्या. वास नाही म्हटल्यावर टाकी कशाला?

पहिल्या वसंतात त्यानं पट्टी लावली. ती गडद लाल झाली. त्यानं व्होलोसला फोन केला. पलीकडून कुणीतरी सांगितलं, एव्हांथियाबाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, निरोप ठेवा. त्यानं निरोप ठेवला नाही. एवढ्याशा लाल कागदासाठी बाळंतिणीला कशाला त्रास, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वसंतात पुन्हा लाल. या खेपेला कळलं, त्या अथेन्सला गेल्या. अथेन्सचा नंबर मिळाला असता. त्यानं मागितला नाही. तिसऱ्या वसंतात डबी कपाटातच राहिली.

मुळात स्तामातिस लबाड नव्हता. पावती न देता कुणाकडून नळाचे पैसे घेतले, असं त्याच्या हातून एकदाही घडलं नाही. त्यानं फक्त एक गोष्ट बघायची टाळली. आणि एकदा टाळल्यावर पुढच्या वेळी ती बघणं आणखी अवघड झालं.

दोन हजार एक साली मात्र बघावंच लागलं. एका घराची जोडणी तुंबली म्हणून तो आणि मिनास अंजिराच्या गल्लीतल्या चेंबरवर गेले. मिनास त्याच्या हाताखालचा कामगार, दहा वर्षांनी लहान, हाताला चलाख, तोंडाला फटकळ. झाकण उघडून दोघं बराच वेळ लांब उभे राहिले, वायू निघून जाऊ दिला, मग मिनास दोर बांधून खाली उतरला. आत उतरायच्या लोखंडी पायऱ्यांपैकी दोन नव्हत्याच, नुसती गंजाची खूण. मिनासनं भिंतीला फावड्याची कड लावली, आणि ओल्या खडूसारखा बोटभर जाड थर खाली गळून पडला.

"मास्तोरा, भिंत खरवडून निघतेय."

"तुझं फावडं धारेचं आहे."

"फावडं बोथट आहे. खडी उघडी पडलीय. हे बघ, बोट जातंय."

"बोट काढ आणि वर ये. तुंबलेलं निघालं ना?"

मिनास वर आला. त्यानं हात पुसले, स्तामातिसकडे बघितलं, आणि नेहमीची टवाळी न करता म्हणाला, "कळवायला हवं."

"मी बघतो," स्तामातिस म्हणाला.

त्या रात्री त्यानं कागद घेतला. 'माननीय नगराध्यक्ष' एवढं लिहिलं. पुढे लिहायचं तर पहिलंच वाक्य हे हवं होतं, की झाकणं मी बुजवली आणि म्हणून हे झालं. तोवर नगराध्यक्ष दुसरा होता, पक्ष दुसरा होता. त्याला आधीच्याच्या कारभाराची भोकं हवीच होती. मुकादमपद गेलं असतं. पण खरं सांगायचं तर पदापेक्षा कॉफीघराचं भय मोठं होतं. ज्या टेबलाशी लोक उठून जागा देत होते तिथं जाऊन, माझं ते काम चुकलं, हे म्हणायचं. आर्गिरोनं विचारलं, "काय लिहितोयस?" तो म्हणाला, "सामानाची यादी." आणि कागदावर खरंच सामानाची यादी केली.

पुढे सात वर्षांनी पोलिक्सेनीनं त्याला बोलावून घेतलं. ती तेव्हा ऐंशीच्या जवळ आली होती. घरात मोजकं सामान, आणि कोपऱ्यात देवमातेची तसबीर, तिच्यावर सासूच्या वेळचा चांदीचा पत्रा. चांदी काळीठिक्कर पडली होती.

"स्तामाती, हे बघ रे. शनिवारी घासली, सोमवारी ही अशी. नळाची तोटीही काळी. पाद्री म्हणतात, घरात काही पाप आहे का बघा. या वयात मी कुठलं पाप करणार? कुणी मिळायला तर हवं."

तो हसला. पण कारण त्याला लगेच कळलं. मागच्या खोलीत तिच्या नवऱ्याची हातपाय धुवायची मोरी होती. अलीकडे काही महिने तिथं कुणी पाणी ओतलं नव्हतं. मोरीखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतं म्हणून गटाराचा वायू घरात चढत नाही. ती नळी वाळली होती. बाहेरची तोंडं बुजवलेला वायू तिच्या घरातून वाट काढत होता. थोडा, इतका थोडा की म्हातारीच्या नाकाला कळू नये. चांदीला मात्र कळत होता.

त्यानं मोरीत बादलीभर पाणी ओतलं, वर पळीभर ऑलिव्हचं तेल, म्हणजे पाणी लवकर उडू नये.

"आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाकत जा, नोना. बाकी काही नाही."

"मग ही चांदी का काळी पडते?"

"समुद्राची हवा. लिंबू आणि सोडा लाव."

"इतकी वर्षं समुद्र काय सुट्टीवर होता?"

त्यानं रिकामी बादली जागेवर ठेवली.  तिनं तसबीर भिंतीला लावली आणि ती कॉफी ठेवायला गेली. त्या कॉफीच्या वेळी तो सगळं सांगू शकला असता. घरात ती दोघंच होती, आणि जगात जे एकच माणूस त्याला रागावूनही सोडणार नव्हतं, ते समोर बसलं होतं. त्यानं कॉफी प्यायली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि आला.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत आठवडाभर पाऊस लागला. एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला अंजिराच्या गल्लीत फरशी दबली. आधी ताटाएवढी, मग टेबलाएवढी. मिनासनं धावत येऊन सांगितलं तेव्हा स्तामातिस गोदामात होता. तो पोहोचेपर्यंत पाइपाचं छत पंधरा पावलांच्या लांबीत खाली बसलं होतं, आणि त्याच्यासोबत पोलिक्सेनीच्या अंगणाची भिंत, स्वयंपाकघराचा कोपरा आणि द्राक्षाचा मांडव. खाली काळं पाणी वाहत होतं. वेलीची मुळं वर आली होती.

ती दाराच्या चौकटीत उभी होती, हातात कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं. पुढे पायरी नव्हतीच. अग्निशमनवाले यायला वेळ होता. स्तामातिसनं मागच्या गल्लीत जाऊन खिडकीचे गज उपटले, फळी टाकली, आणि आत जाऊन तिला पाठीवर घेतलं. ती अगदी हलकी होती.

"बरं झालं तू आलास," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मी म्हटलंच, स्तामाती येईल."

चौकशी झाली. व्होलोसहून आणि अथेन्सहून माणसं आली. अहवालात लिहिलं होतं की पाइप जुना होता, वायूनं खाल्ला होता, हवा खेळण्याची सोय नव्हती, क्षार कधी सोडला गेला नाही. सगळं खरं होतं. झाकणं कुणी बुजवली हे कुणी विचारलं नाही; सोय नव्हती, एवढ्यावर भागलं. समितीपुढे स्तामातिसनं विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. मिनासला बोलावलं, तेव्हा तो त्याच्याकडे न बघता आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "तुझं नाव घेतलं नाही. पण पुन्हा माझ्याकडून अपेक्षा करू नकोस." त्यानंतर दोघं वर्षानुवर्षं एकत्र काम करत राहिले, पण एकत्र जेवायला कधी बसले नाहीत.

घर राहण्याजोगं उरलं नव्हतं; पाडलं. पोलिक्सेनीला तिची भाची लारिसा शहरात घेऊन गेली, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. स्तामातिस दोनदा भेटायला गेला. बसमध्ये तो वाक्यं जुळवत होता. नोना, ते मी केलं. नोना, मला दहा वर्षं आधी माहीत होतं. नोना, चांदीचं मी खोटं सांगितलं.

पहिल्यांदा भाची खोलीतून हललीच नाही. दुसऱ्यांदा ती बाजारात गेली होती. पोलिक्सेनी बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

"मांडवाचं काय रे झालं?" तिनं विचारलं. "कुणी मला नीट सांगत नाही. भिंत पडली म्हणतात. मांडव?"

तो म्हणाला, "मांडव आहे."

"पानं धरली?"

"धरली. आर्गिरोनं खुडली."

"भात कमी भरायला सांग तिला. ती फार भरते, पान फाटतं."

"सांगतो."

जुळवून आणलेलं एकही वाक्य त्यानंतर तोंडातून निघेना. आता ते सांगायचं तर आधी मांडवाचं खोटं मागे घ्यावं लागलं असतं, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. येताना त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ती गेली. तिला लारिसातच पुरलं; गावच्या दफनभूमीत नवऱ्याशेजारची जागा मोकळी राहिली. स्तामातिस अंत्यविधीला गेला तेव्हा भाचीनं सगळ्यांना ओळख करून दिली, "यांनीच मावशीला खड्ड्यातून वाचवलं." लोकांनी हात हातात घेतले. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

गावात नवी लाइन आली, प्लास्टिकचं अस्तर असलेली. पंपघराशी टाकी बसली, लोहाचा क्षार थेंबथेंब सुटायला लागला. अंजिराच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथं घर होतं त्या जागेवर, उंच नळकांडं उभं राहिलं, कोळशाच्या गाळणीसकट. गाळणी वेळेवर बदलली तर वास येत नाही. पण दक्षिणेचं वारं सुटलं की उन्हाळ्यात एखादा दिवस थोडा यायचाच. दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये वरच्या आळीतल्या खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी अर्ज केला, की नळकांडं काढा, तोंड बंद करा. त्यावर चौकातल्या शाळेत सभा बोलावली. स्तामातिसला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते.

सभेत एक पेन्शनवाला उठून म्हणाला, "आमच्या स्तामातिसच्या काळात सतरा वर्षं वास आला नाही. चार दिवसांत काम केलं होतं माणसानं, टायरच्या ट्यूबा आणि डांबर घेऊन. आता एवढे इंजिनियर आणि एवढी यंत्रं, आणि पर्यटक नाक धरतात. तेव्हा जे केलं ते आताही करा." लोकांनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

स्तामातिस उठला. आर्गिरो शेजारी होती. तिला वाटलं तो घरी निघाला, म्हणून तिनं पिशवी उचलली.

"पोलिक्सेनीचं घर मी पाडलं," तो म्हणाला.

आर्गिरोनं पिशवी पुन्हा खाली ठेवली. मग तो बोलत राहिला, फार नीट नाही, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. एकतीस झाकणं, नळकांड्यांची तोंडं, लाल झालेल्या पट्ट्या, न ठेवलेला निरोप, फावड्यानं निघालेला थर, सामानाची यादी, लिंबू आणि सोडा. "तुम्हाला वास येत नव्हता तेव्हा तो तुमच्या पायाखाली खात होता. मला माहीत होतं. वास आला की तक्रार करा, गाळणी बदलायला लावा, रोज भांडा. पण तोंड बंद करू नका." मांडवाचं त्यानं सांगितलं नाही. ते गावाचं नव्हतं.

 मग पेन्शनवाला जरा मऊपणानं म्हणाला, "बस, मास्तोरा. जुन्या गोष्टी. पाइप म्हातारा होता, अहवालात आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

"म्हातारा नव्हता," मिनास मागून म्हणाला. "सव्वीस वर्षांचा होता. ते दोन हजार एकमध्येच सांगायला हवं होतं, त्यानं आणि मीही."

हात वर झाले. नळकांडं राहिलं, सात मतांच्या फरकानं. कितीजणांनी त्याचं ऐकून हात वर केला आणि कितीजणांनी ते काढायचा खर्च नको म्हणून, हे सांगता येणार नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, पार्किंगचा.

घरी जाताना चढावर आर्गिरो त्याच्या पुढे दोन पावलं चालत होती. वळणावर थांबून तिनं विचारलं, "त्या रात्री ती यादी नव्हती, नाही का?"

"नव्हती."

"मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, लिही."

"म्हणूनच विचारलं नाही," तो म्हणाला.

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा चालायला लागली. तिला त्याच्याशी नीट बोलायला उन्हाळा संपावा लागला. कॉफीघरात त्याला अजून जागा देतात. फक्त उठून देत नाहीत, खुर्ची सरकवून देतात. तो बसतो. वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी, तो बसनं लारिसाला जातो, तिच्या थडग्यापाशी दुपारपर्यंत थांबतो, आणि जे बोलायचं ते त्या दगडाशी बोलून संध्याकाळच्या बसनं परत येतो. मांडवाचं खोटं मात्र त्यानं अजून तिथंही मागे घेतलेलं नाही.